तारेवरची कसरत कुणाची?

अर्थसंकल्प सादर झाला की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला असतो, ‘अर्थमंत्र्यांची तारेवरची कसरत’. एखाद्या पुढाऱ्याने रातोरात पक्ष बदलला की त्याने ‘कोलांटउडी’ मारली. सभागृहात गोंधळ झाला की कुणीतरी उठून विचारतो, हा काय डोंबाऱ्याचा खेळ चालला आहे? अर्थमंत्री आयुष्यात कधी तारेवर चढलेला नसतो. पुढाऱ्याला साधी गुलाटी मारता येत नाही. ज्यांच्या अंगी ही विद्या आहे त्या डोंबारी, कोल्हाटी, गोपाळ समाजाकडून आपल्या भाषेने शब्द तेवढे उचलले. माणसे मात्र गावाबाहेर पालातच ठेवली. वर त्यांच्या नावाची शिवी केली ती वेगळीच.

गेल्या हिवाळ्यात चोपड्याच्या आठवडे बाजारात आम्ही असाच एक खेळ पाहिला. सातपुड्याच्या पायथ्याचा हा बाजार. डोंगरातून पावरा, भिल्ल, तडवी बांधव खाली उतरलेले, भरताच्या वांग्यांचे ढीग लागलेले, केळीवाल्यांचा आरडाओरडा चाललेला. एका कोपऱ्यात बांबूच्या दोन कैच्या उभ्या केलेल्या आणि त्यांच्यामध्ये दोर ताणलेला. आई ढोलकी वाजवत होती, बापाने दोराचा पीळ धरला होता, आणि आठ-नऊ वर्षांची पोर डोक्यावर तीन तांबे आणि हातात आडवी काठी घेऊन दोरावरून चालत होती. मग तिने पायाखाली जेवणाची थाळी घेतली आणि थाळीसकट दोरावरून सरकत पलीकडे गेली. गर्दीतून कुणीतरी म्हणाला, “भारी शे ना!” आमच्या शेजारचे एक शिकलेसवरलेले गृहस्थ म्हणाले, “यांच्या रक्तातच असतं हो ते. आपल्या पोरांना जमायचं नाही.”

खेळ संपला. पोर खाली उतरली आणि तीच थाळी घेऊन गर्दीत फिरू लागली. थाळी जवळ येताच गर्दी पातळ झाली. ते गृहस्थही वांगी बघायला निघून गेले.

आम्ही त्या माउलीला विचारले, “ताई, पोरगी शाळेत जाते का?” ती म्हणाली, “कोणत्या गावच्या शाळेत घालू भाऊ? आज चोपडा, परवा यावल, मग पाल पडेल तिथं.” तिच्या उत्तरावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट त्या गृहस्थांच्या वाक्याची. ‘रक्तातच असतं’ हे वाक्य वरून कौतुकाचे वाटते, पण ते वर्णव्यवस्थेचे वाक्य आहे. झाडू मारणे एकाच्या रक्तात, पोथी वाचणे दुसऱ्याच्या रक्तात आणि दोरावर चालणे तिसऱ्याच्या रक्तात, असे सांगूनच या देशात माणसांचे कप्पे पाडले गेले. विज्ञान काय सांगते? जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथील संशोधकांनी २००४ मध्ये ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना हा खेळ अजिबात येत नव्हता अशी साधी माणसे त्यांनी निवडली आणि त्यांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवायला तीन महिने शिकवले. आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूची छायाचित्रे काढली. हलत्या वस्तू टिपणाऱ्या मेंदूच्या भागातील करड्या पेशीद्रव्याचे प्रमाण वाढलेले दिसले. मग तीन महिने सराव थांबवला, तेव्हा ती वाढ पुन्हा उतरणीला लागली. याचा अर्थ सरळ आहे. ही विद्या सरावाने येते आणि सराव सुटला की जाते. त्या पोरीच्या पायात जे आहे ते तिच्या जातीचे नाही, ते तिच्या हजारो तासांच्या मेहनतीचे आहे.

आणि ‘आपल्या पोरांना जमायचं नाही’ हेही खोटेच. आमच्या आया-बहिणी ओट्यावर बसून सागरगोटे खेळत. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत बाकीचे उचलायचे आणि वरचा झेलायचा. हात एकीकडे, नजर दुसरीकडे. जगात ज्याला जगलिंग म्हणतात त्याची पहिली इयत्ता हीच. इजिप्तमधल्या बेनी हसन येथील सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्याच्या भिंतीवर चेंडू झेलणाऱ्या स्त्रियांची चित्रे आहेत. हा खेळ कुण्या एका जातीचा, देशाचा किंवा धर्माचा कधीच नव्हता.

पण भारतीय कलावंताच्या वाट्याला काय आले ते पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रामो सामी नावाचा एक भारतीय कसरतपटू इंग्लंडला गेला आणि लंडनमध्ये गाजला. त्या काळात विल्यम हॅझलिट या नामवंत इंग्रज निबंधकाराने १८२१ च्या आपल्या संग्रहात भारतीय जगलरांवर एक मोठा निबंध लिहिला. चार पितळी चेंडू एकाच वेळी हवेत ठेवणारा माणूस पाहून त्याला आपल्या लेखणीची लाज वाटली. इतक्या चोखपणे करता येईल असे आपल्याला काय येते, असा प्रश्न त्याने स्वतःलाच विचारला. इंग्रजी वाङ्मयात हा निबंध आजही वाचला जातो. आणि रामो सामी? तो १८५० मध्ये वारला तेव्हा घरात अंत्यविधीपुरतेही पैसे नव्हते. त्याच्या पत्नीला मदतीसाठी हात पसरावा लागला. टाळ्या मिळाल्या, निबंध मिळाला; शेवटी थाळी रिकामीच राहिली. चोपड्याच्या बाजारात आम्ही पाहिले त्यात आणि यात फरक किती?

आता कुणी म्हणेल, हे पोटापाण्याचे खेळ, यात विचार कसला? त्यांना आम्ही संयुत्त निकाय उघडायला सांगू. तथागत सुंभ देशातील सेदक गावी असताना त्यांनी भिक्खूंना एका कसरतपटूची गोष्ट सांगितली. मूळ पाली शब्द ‘चंडालवंसिक’ असा आहे, म्हणजे बांबूवर कसरती करणारा. हा गुरू बांबू उभा करतो आणि मेदकथालिका या आपल्या शिष्याला खांद्यावर चढायला सांगतो. गुरू म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे आपण खेळ दाखवू, पैसे मिळवू आणि सुखरूप खाली उतरू. शिष्य म्हणतो, तसे नको. तुम्ही तुमचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळतो. तथागतांनी शिष्याचे म्हणणे योग्य ठरवले. आणि त्यापुढे जाऊन सांगितले की जो जागृत राहून स्वतःला सांभाळतो तो दुसऱ्यालाही सांभाळतो, आणि जो मैत्रीने, करुणेने दुसऱ्याला सांभाळतो तो स्वतःलाही सांभाळतो. स्मृतीचा, म्हणजे सतत जागे राहण्याचा एवढा मोठा धडा देण्यासाठी तथागतांनी राजाचा दाखला घेतला नाही, पुरोहिताचा घेतला नाही. दोन कसरतपटूंचा घेतला, आणि त्यातही शहाणपण शिष्याच्या तोंडी ठेवले.

धम्मपदाच्या अट्ठकथेतील उग्गसेनाची कथा तर याहून बोलकी आहे. राजगृहातील श्रेष्ठीचा हा मुलगा खेळ करणाऱ्यांच्या मुलीवर जीव लावून बसला. बापाने पैसे पाठवले. मुलीच्या बापाने ते परत केले आणि कळवले की आम्ही मुलगी पैशाने देत नाही, हवी असेल तर जावयाने आमच्याबरोबर फिरावे. श्रीमंताचा मुलगा गाड्याबरोबर गावोगाव फिरला, टोमणे ऐकले, आणि शेवटी स्वतः ती विद्या शिकून उंच बांबूच्या टोकावर कोलांट्या मारू लागला. तिथेच तथागतांची आणि त्याची गाठ पडली आणि पुढे तो भिक्खू झाला. श्रेष्ठीपुत्राला ही कला शिकता येते असे अडीच हजार वर्षांच्या परंपरेतली कथा सांगते. मग चोपड्याच्या बाजारातील आमच्या त्या गृहस्थांच्या पोराला का येऊ नये?

आज जगात हेच घडते आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन येथे मूठभर जगलर जमले आणि युरोपियन जगलिंग कन्व्हेन्शन सुरू झाले. आता तो मेळावा दरवर्षी वेगवेगळ्या देशांत भरतो आणि हजारो लोक तंबू ठोकून राहतात. कुणी चेंडू उडवतो, कुणी काठी फिरवतो, रात्री कुणी पेटते गोळे साखळीने लयीत फिरवतो. या फिरवण्याच्या प्रकारांना आता फ्लो आर्ट्स असे नाव पडले आहे. त्यातला गोळे फिरवण्याचा ‘पोई’ हा प्रकार न्यूझीलंडच्या माओरी आदिवासींकडून जगाला मिळाला. या मेळाव्याचा प्राण तिथल्या कार्यशाळांत आहे. ज्याला जे येते ते तो दुसऱ्याला शिकवतो. प्राध्यापक सुतारापाशी शिकतो, सुतार शाळकरी पोरापाशी शिकतो. तुझे आडनाव काय असे तिथे कुणी विचारत नाही. गोव्याच्या हरमल किनाऱ्यावर संध्याकाळी पाहुणे मंडळी असेच आगीचे खेळ करतात आणि आमच्याकडचे सुशिक्षित तरुण भोवती बसून टाळ्या वाजवतात. आमचा त्याला विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे, की तीच कसरत किनाऱ्यावर कला असते आणि बाजारात भीक कशी होते?

‘भीक’ हा शब्द आम्ही रागाने वापरलेला नाही, तो कायद्यातला आहे. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे आणि खेळ करून दाखवणे यांच्या निमित्ताने पैसे घेणेही घातले. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची, पुन्हापुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंतची तरतूद केली. हा कायदा पुढे दिल्लीसह इतरत्रही लागू झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी त्यातील अनेक कलमे घटनाविरोधी ठरवली, पण तो निकाल दिल्लीपुरता होता. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून जन्मानेच माणसांवर शिक्का मारला; तो कायदा स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. आणि अवघ्या सात वर्षांत भटक्यांच्या कलेवर दुसरा शिक्का बसला!

मुलांच्या बाबतीतही हाच दुजाभाव आहे. २०१६ च्या बालकामगार कायद्यातील दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी केली, पण चित्रपट, मालिका आणि जाहिरातींतील बालकलाकारांना अटी घालून सूट दिली. सर्कशीला सूट नाही. सर्कशीत मुले नकोत हे आम्हालाही मान्य आहे. पण दूरदर्शनच्या पडद्यावर नाचणारे मूल ‘लिटिल चॅम्प’ आणि बाजारात दोरावर चालणारे मूल भिकारी, हा न्याय कुठला? १९७२ च्या ‘सीता और गीता’ चित्रपटातील गीता रस्त्यावर कसरतीच करते. तिला पाहायला लोकांनी तिकिटे काढली. खरी गीता थाळी घेऊन येते तेव्हा हेच लोक खिशावर हात ठेवतात.

१९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. चांगले झाले. पण काठी फिरवण्याची विद्या पोटासाठी रस्त्यावर जिवंत ठेवणाऱ्यांना मान कधी मिळणार? २०२० च्या टाळेबंदीत पुण्यातील ८५ वर्षांच्या शांताबाई पवार रस्त्यावर लाठीकाठीचा खेळ करताना लोकांनी मोबाईलवर पाहिल्या. त्या डोंबारी समाजाच्या. नटांनी कौतुक केले, मंत्री घरी गेले, मदत मिळाली. आम्हाला आनंद झाला. पण पंच्याऐंशीव्या वर्षी साथीच्या दिवसांत म्हातारीला काठी घेऊन रस्त्यावर का उतरावे लागले, हे फार थोड्यांनी विचारले.

आता आमच्याच चळवळीतील काही कार्यकर्त्यांचा आक्षेप. ते म्हणतात, जातीने लादलेली कामे सोडा असे बाबासाहेबांनी सांगितले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा, स्वाभिमानाने उभे राहण्याचा संदेश दिला. मग डोंबाऱ्याचा खेळ मेला तर मरू द्या, पोरे शिकू द्या! या आक्षेपात तळमळ आहे. पोरे शिकलीच पाहिजेत, यात आम्ही तिळभरही तडजोड करणार नाही. पण बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितले? लाचारी सोडायला सांगितली. कला सोडायला सांगितली नाही. तमाशा आमच्याच लोकांच्या घामावर जगत होता. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याच तमाशाची ढोलकी, तीच बतावणी उचलली, त्यातले हीन ते टाकले आणि आंबेडकरी जलसा उभा केला. कला तीच, पण कलावंताची मान ताठ झाली. तमाशाचा जलसा होऊ शकतो, तर दोराच्या खेळाचे काय होऊ शकणार नाही?

आणि कसब जातीत कोंडले की काय होते याचा अनुभव खुद्द बाबासाहेबांनी आमच्या खानदेशातच घेतला. ऑक्टोबर १९२९ मध्ये ते धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. एकही टांगेवाला अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार होईना. टांगा भाड्याने देऊ, हाकणार नाही, म्हणाले. बाबासाहेबांनी पायी जावे हे वस्तीतील बांधवांना पटेना, म्हणून त्यांच्यातलाच एक जण लगाम घेऊन बसला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. पुलावर घोडा उधळला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. ज्याच्याकडे कसब होते त्याने ते जातीसाठी अडवले आणि ज्याच्याकडे मन होते त्याला ते कधी शिकूच दिले नव्हते. जात हे श्रमांचे नव्हे तर श्रमिकांचे विभाजन आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहिले. चाळीसगावच्या पुलावर त्यांनी ते अंगावर झेलले होते.

म्हणून आमची भूमिका दोन शब्दांत अशी : कला ठेवा, जात सोडा. जिला ही विद्या येते तिला भीक नको, गुरूचा मान आणि ठरलेले मानधन द्या. आणि ज्याला येत नाही अशा प्रत्येक पोराला ती शिकू द्या, मग तो कोणत्याही आळीचा असो.

हे चोपड्यात होऊ शकते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आमची पोरे-पोरी लेझीम खेळतात, काठ्या फिरवतात. होळीच्या तोंडावर सातपुड्याच्या पायथ्याशी भोंगऱ्या बाजार भरतो, पावरा बांधवांचा मोठा ढोल घुमतो. सामान आपल्याकडे आहेच. जयंतीच्या सप्ताहातला एक दिवस या खेळांसाठी काढायला काय हरकत आहे? डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात बांबू येतील, दोर येईल, तालमीच्या गाद्या येतील. बाजरी भरून कापडी चेंडू आपल्या भगिनी घरी शिवतील.

मात्र चार अटी आधीच पक्क्या करा. पहिली, डोंबारी, कोल्हाटी, गोपाळ कलावंत या मेळाव्यात शिक्षक म्हणून येतील. त्यांचे मानधन आधी हातात पडेल आणि थाळी फिरणार नाही. दुसरी, चौदा वर्षांखालचे एकही मूल कमाईसाठी दोरावर चढणार नाही. मुले शिकायला चढतील. दोर गुडघ्याएवढा आणि खाली गादी. तिसरी, शिकणाऱ्याची जात विचारायची नाही. पाटलाचे पोर डोंबाऱ्याच्या पोरीच्या हाताखाली तोल शिकले तर त्या एका तासात जे घडेल ते दहा भाषणांनी घडत नाही. चौथी अट सर्वांत महत्त्वाची. त्याच मांडवात एक टेबल ठेवा आणि त्यावर लिहिता-वाचता येणारे दोन कार्यकर्ते बसवा. भटक्या जमातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे आजे-पणजे पालात जन्मले आणि पालात वारले त्यांनी सातबारा आणायचा कुठून? गृहचौकशीचा अर्ज, रेशनकार्ड, मतदारयादी, हे कागद त्या टेबलावर भरले गेले पाहिजेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हे त्या माउलीला कुणी सांगितले आहे का? ‘शाळेत कुठं घालू’ या तिच्या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या मैदानात नाही, त्या टेबलावर आहे.

दोरावर चालणाऱ्याच्या हातात आडवी काठी का असते, हे आम्ही त्या दिवशी तिच्या बापाला विचारले होते. तो म्हणाला, “काठी लांब असली म्हंजे पडायला उशीर लागतो भाऊ. तेवढ्यात सावरता येतं.” विज्ञानही हेच सांगते, लांब काठीमुळे शरीर एकदम कलत नाही, सावरायला वेळ मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या दोरावर राहिलेल्या या समाजाला सावरायला तेवढा वेळ आपण आजवर दिलेला नाही. शाळा, दाखला आणि सन्मान ही ती काठी आहे. ती त्यांच्या हातात देणे कुणाचे काम? पुढच्या आठवडे बाजारात थाळी आपल्यासमोर येईल तेव्हा बांधवांनो, वांग्यांच्या ढिगाकडे पाहू नका. त्या पोरीला तिचे नाव विचारा आणि तिला शाळेच्या दारापर्यंत घेऊन जा.

जयभीम!